चढावरच्या परसातले दुसरे घर

फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला आमचे घर आहे. समोर रस्ता, रस्त्याखाली कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आणि घराच्या मागच्या भिंतीपासून थेट डोंगराचा चढ. इकडची पुष्कळ जुनी घरे अशीच आहेत. पूर्वजांनी सपाट, ओलिताची जमीन माड-पोफळींना दिली आणि स्वतः डोंगराच्या पायथ्याला कडेकडेने राहिले. त्यामुळे परस म्हणजे चढच, हे आम्हाला सवयीचे होते. त्या चढावर दुसरे घर बांधायला घेतले तेव्हा कळले की रोज पायाखाली असलेल्या जमिनीबद्दल आम्हाला फारच थोडे माहीत आहे.

कामे दोन होती. पहिले जुन्या कौलारू घराचे. आढे मध्यावर वाकले होते, मागच्या दोन खोल्यांच्या भिंती श्रावणापासून दिवाळीपर्यंत ओल्या असायच्या, आणि न्हाणीघर व संडास घराबाहेर, पायऱ्या उतरून. सासूबाईंचे गुडघे दुखू लागल्यापासून त्या पायऱ्यांची आम्हा सगळ्यांनाच धास्ती वाटत होती. दुसरे काम परसात एक लहान, स्वतंत्र घर बांधण्याचे: दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. सासू-सासरे, आम्ही दोघे आणि वयात येणारी दोन मुले एवढ्यांना जुने घर अपुरे पडत होते, आणि गाव सोडून फोंड्याला फ्लॅट घेण्याची कुणाचीच इच्छा नव्हती.

सुरुवात कागदांपासून करावी लागली. नमुना १ व १४ वर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, अजून आजेसासऱ्यांचे नाव होते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून वारसाची रीत वेगळी आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. वारसांपुरता आता २०१२ चा गोव्याचा कायदा लागू आहे, पण ही मूळ कल्पना टिकून आहे. सासऱ्यांना दोन भाऊ, त्यांतले एक वारले. म्हणजे सासू-सासरे, धाकटे काका-काकू, थोरल्या काकू, त्यांची दोन मुले आणि त्या मुलांचे जोडीदार अशा सगळ्यांच्या सह्या हव्या. सबरजिस्ट्रारकडे वारसाचा लेख करायचा, मग म्युटेशन करून उताऱ्यावर नावे चढवायची, मग बांधकामाला सगळ्यांची संमती. एक चुलत दीर परदेशात, त्याचे मुखत्यारपत्र यायला वेळ लागला. पैसा आणि आराखडा तयार असूनही त्या वर्षी एक चिरासुद्धा हलला नाही.

संमती देताना काकांनी एकच अट घातली. देवाची खोली आणि तिच्यापुढचा सोपा जसाच्या तसा राहिला पाहिजे. आमच्याकडे चवथीला तिन्ही घरची माणसे याच घरी जमतात. गणपतीवर माटोळी बांधतात ती लाकडी चौकट सोप्याच्या तुळयांना टांगलेली असते; नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळे अशा सगळ्यांचे वजन त्या तुळया पिढ्यान् पिढ्या पेलत आल्या आहेत. अट ऐकून मला बरेच वाटले. घर नवे करताना नेमके काय हलवायचे नाही हे कुणीतरी आधीच सांगितलेले असले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

मग जमिनीचा विभाग. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये आमच्या सर्व्हे नंबरचा खालचा भाग वस्तीचा आहे आणि वरचा बागायतीचा. बागायतीत फार्महाऊस बांधायचे तर किमान ४००० चौरस मीटर जमीन लागते, तेवढी आमच्याकडे नाही. म्हणजे नवे घर वस्तीच्या पट्ट्यातच बसवायचे, सगळ्या बाजूंनी सोडायचे अंतर सांभाळून, आणि जुन्या घराचे क्षेत्र धरून चटई क्षेत्राच्या मर्यादेत. नकाशावर ती रेषा पाहिली तेव्हा हाती उरलेली जागा बरीच अरुंद निघाली, आणि ती सगळी चढाची. मनातल्या मनात आम्ही जे घर वरच्या फणसाजवळ बांधले होते, ते तिथे होणारच नव्हते.

इथून पुढे मात्र मला सावकाश सांगायचे आहे, कारण उतारावरच्या बांधकामाचे खरे शिक्षण आम्हाला इथे मिळाले.

इंजिनिअरने घराचा आराखडा काढण्याआधी सर्व्हेअरला बोलावले आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा करून घेतला. गोव्यात २५ टक्क्यांहून अधिक चढाच्या जागेवर बांधकाम करता येत नाही. आमच्या पट्ट्याचा चढ दहा मीटरला साधारण १.८ मीटर, म्हणजे १८ टक्के भरला. बांधता येत होते, पण माती कापावी लागणार होती, आणि डोंगर कापायला नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. गावात पुष्कळांना ही गोष्ट माहीत नसते. जेसीबी आणून एका दुपारी भिंतीसारखा उभा काप घेतात आणि मग पावसाळाभर जीव मुठीत धरून बसतात. २०२४ च्या जुलैत वायनाडला डोंगर खाली आला त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी मागच्या चढाकडे बघण्याची रीतच बदलली. मुसळधार पाऊस असला की रात्री उठून मागचे दार उघडून उभे राहायचे. त्यांच्या त्या भीतीला मी कधी हसले नाही. आमच्यासारख्या लहान चढाची वायनाडशी बरोबरी होत नाही, पण मातीत पाणी मुरते आणि तिचे वजन वाढते हे दोन्हीकडे सारखेच.

दुसरे काम खड्ड्याचे. माणसे लावून दोन ठिकाणी चाचणीचे खड्डे खणले. वर हातभर तांबडी माती, मग जांभा आणि त्याखाली पांढरट, मध्येच जांभळी झाक असलेली गुळगुळीत चिकणमाती. इंजिनिअरने ती माती बोटांत चोळून दाखवली आणि समजावले: पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून खाली उतरतो, चिकणमातीवर येऊन अडतो आणि तिच्या पाठीवरून उताराच्या दिशेने सरकत जातो. जिथे चिकणमाती उघडी पडते तिथे झर फुटते. आमच्या कुळागराला पाणी देणारी झर म्हणजे हेच पाणी. परसात भिंत घालताना ते अडवले तर भिंतीमागे साचेल, आणि चुकीच्या जागी वळवले तर उन्हाळ्यात पोफळी सुकतील. सोकपिट, म्हणजे सांडपाणी मुरवायचा खड्डा, चुकीच्या जागी केले तर काय होईल, हे सांगायलाच नको.

तिसरी गोष्ट नकाशात नव्हती, ती एका माणसाकडे होती. आमच्या कुळागराचे पाट वर्षानुवर्षे सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांना सहज विचारले, पावसात मागे पाणी कुठून येते? त्यांनी हातात खुंट्या घेतल्या आणि परसात फिरून एकेक जागा दाखवली: इथे आषाढात उमाळा फुटतो, इथे दोन दिवस सलग पाऊस झाला तरच, इथे पूर्वी गडगा होता तो पाण्याने ढकलला. खुंट्या ठोकून झाल्यावर म्हणाले, “बाय, पयलीं उदकाक वाट दी, मागीर वणटी बांद.” म्हणजे आधी पाण्याला वाट दे, मग भिंती बांध. सर्व्हेअरने त्या खुंट्या नकाशावर घेतल्या. त्यांतल्या तीन आम्ही ठरवलेल्या घराच्या मधोमध पडत होत्या. आराखडा तिथेच बदलला. घर सुमारे चार मीटर पश्चिमेला सरकवले आणि आधी समोच्च रेषांना आडवे, म्हणजे चढावर वर-खाली पसरलेले होते, ते फिरवून समोच्च रेषेला समांतर, लांब आणि अरुंद केले. असे केल्याने काप निम्म्याहून कमी झाला. इतकी वर्षे त्या जमिनीवर काम केलेल्या माणसाला आराखडा ठरण्याआधी विचारावे, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

सुरुवातीचा बेत असा होता की नव्या, सोयीच्या घरात सासू-सासऱ्यांनी राहावे. पण नव्या घराची जमीन जुन्या घराच्या जमिनीपेक्षा २.७ मीटर उंच येणार होती. वयस्क माणसांसाठी पायऱ्यांऐवजी उतरती वाट करायची तर एक मीटर चढायला बारा मीटर लांबी धरतात. म्हणजे ३२ मीटरहून लांब रस्ता, वर मध्ये थांबायचे सपाट टप्पे वेगळे. एवढी वळणे त्या पट्ट्यात मावत नव्हती, मावली असती तरी पावसात शेवाळ धरलेल्या उतारावर सासूबाईंना पाठवायला मन झाले नसते. आकडे समोर ठेवले तेव्हा सासरे म्हणाले, “मला रस्त्यावरून जाणारे येणारे दिसले पाहिजेत. वर जाऊन मी काय डोंगराकडे बघत बसू?” ठरले. ते दोघे जुन्या घरात, आणि आम्ही चौघे वर. जुन्या घराचा निम्मा आराखडा या एका निर्णयाने ठरला: न्हाणीघर आत आणायचे, उंबरे कमी करायचे, निजायची खोली पुढच्या बाजूला.

परवानग्यांची बाकीची वाट थोडक्यात सांगते. बांधकामाखालच्या जमिनीच्या रूपांतराची सनद, नगर नियोजन खात्याचा तांत्रिक मंजुरीचा आदेश, सेप्टिक टाकीसाठी आरोग्य केंद्राचा दाखला आणि सगळ्यांच्या शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. एक आंबा आड येत होता. तोडायला वनखात्याची परवानगी मागावी लागली असती, त्याऐवजी व्हरांड्याचा एक कोपरा कापून आम्ही आंबा ठेवला. सेप्टिक टाकीची जागा ठरवताना आम्हाला विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर ठेवायला सांगितले होते, पण उतारावर नुसते अंतर पुरत नाही. सोकपिट विहिरीच्या आणि झरीच्या वरच्या अंगाला आले तर पाणी चिकणमातीवरून सरळ तिकडेच जाणार. नव्या घराचा मैला म्हणून पाइपाने जुन्या घराच्या बाजूने खाली आणून पूर्वेच्या कोपऱ्यात सोडला, झरीपासून दूर. पाइप लांबला, खर्च वाढला. त्या खर्चाबद्दल मला क्षणभरही वाईट वाटलेले नाही.

दिवाळीनंतर काम सुरू झाले. प्रत्येकाने तसेच करावे असे मला वाटते, आणि ते नुसते पावसासाठी नाही. काँक्रीटला आणि बांधकामाला निदान आठवडाभर, शक्य तर त्याहून अधिक दिवस ओले ठेवावे लागते, आणि आमच्या विहिरीचे पाणी मार्चनंतर झपाट्याने खाली जाते. पाया आणि माती धरणाऱ्या भिंती फेब्रुवारीपर्यंत उरकल्या तर विहीर पुरते. आमचे स्लॅबचे काम एप्रिलवर गेले, तेव्हा ओली गोणपाटे पसरून आणि टँकर मागवून निभावले.

परसात लॉरी जात नाही. चिरे रस्त्यावर उतरवून माणसांच्या डोक्यावरून वर न्यावे लागले. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोंचा. कर्नाटकातून आलेली जोडपी ते काम करत होती. चढावर बांधायचे असेल तर या वाहतुकीची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी धरा, ती कुणी आपणहून सांगत नाही, आणि ती माणसांच्या पाठीवरची मजुरी आहे, तिथे घासाघीस करू नये.

माती धरणारी भिंत हा या कामाचा कणा. कंत्राटदाराचे म्हणणे होते की एकच भिंत घालू, अडीच मीटर उंच, जागा वाचेल. इंजिनिअरने नकार दिला. मातीचा दाब खोलीबरोबर वाढत जातो आणि भिंतीवरचा एकूण जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात. उंची निम्मी केली तर जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून सव्वा मीटरच्या दोन भिंती, मध्ये दोन मीटर रुंद पायरी. वरची भिंत खालच्या भिंतीला अगदी चिकटून घातली तर तिचा भार पुन्हा खालचीवरच येतो, म्हणून मध्ये एवढी पायरी. भिंती चिऱ्याच्या, तळाला उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद, वर निमुळत्या होत गेलेल्या, आणि डोंगराकडे किंचित झुकलेल्या. भिंतीमागे माती सरळ लोटली नाही. आधी फुटक्या दगडांचा थर, तळाशी भोके असलेला पाइप आणि दगड व माती यांच्यामध्ये गाळ अडवणारे कापड. भिंतीत दीड-दीड मीटरवर बाहेर उतरती भोके. या दोन भिंतींच्याही वर, बागायतीच्या कडेला, डोंगरावरून येणारे पाणी पकडून दोन्ही बाजूंनी उतरवणारा चर. हा चर नुसता खणून चालत नाही. पाणी जोरात उतरते तिथे तळ दगडी करावा लागतो, नाहीतर दोन पावसांत त्याची घळ होते.

मधल्या पायरीवर आता हळद, अळू आणि तोंडली आहेत. मोठे झाड तिथे लावायचे नाही, मुळे भिंत फोडतात.

घराचा पाया पायऱ्यापायऱ्यांचा केला. मागची बाजू कापलेल्या जांभ्यावर, पुढची बाजू उंच जोत्यावर. भरावाच्या मातीवर एकही भिंत उभी नाही, अर्धे घर कठीण जमिनीवर आणि अर्धे भरावावर असले की भरावाकडची बाजू खचते आणि मधोमध तडा जातो. पुढच्या जोत्याखाली जी पोकळी उरली तिथे सरपण, नारळ आणि कोयते-खोऱ्यांची खोली झाली. सगळा हिशेब केला तेव्हा नव्या घराच्या खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जमिनीत आणि भिंतींत गेला होता. सपाट प्लॉटवरचे चौरस मीटरचे दर ऐकून चढावरचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी हे आधीच मनात धरावे.

जुन्या घराकडे आम्ही त्याच मोसमात वळलो. मागच्या भिंती का ओल्या राहतात याचे उत्तर परस खणताना आपोआप मिळाले. वर्षानुवर्षे डोंगरावरची माती उतरून मागच्या भिंतीशी साचली होती, आणि तिची पातळी आतल्या जमिनीच्या वर गेली होती. त्यात पूर्वी कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारलेला. जांभ्याची जाड भिंत पाणी शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू बाहेरही टाकते. सिमेंटने तो मार्ग बंद होतो आणि ओल आत, खोलीच्या बाजूला येते. साचलेली माती काढून बाहेरची पातळी आतल्या जमिनीच्या वीतभर खाली नेली, भिंतीलगत उघडे गटार केले, सिमेंट खरवडून काढले आणि भिंती संपूर्ण उन्हाळाभर उघड्या ठेवल्या. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी आता शोधावे लागतात. भेटले ते सत्तरी तालुक्यातून आले होते, आणि त्यांनी घाई करू दिली नाही. चुना भिजवून मुरवत ठेवायचा, पातळ थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग दुसरा.

छप्पर उतरवले तेव्हा वासे तपासायला मेस्त, म्हणजे मिस्त्री, बसले. हातोडीने ठोकून आवाजावरून ते सांगत जात, हा राहील, हा गेला. माटीचे वासे, म्हणजे ऐनाचे, जवळजवळ सगळे शाबूत निघाले. मागच्या बाजूचे, नंतर कधीतरी घातलेले हलके लाकूड वाळवीने पोखरले होते. माझ्या नवऱ्याला सगळेच छप्पर लोखंडी करायचे होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, वाळवीची कटकट कायमची जाते. शेवटी मागच्या खोल्यांवर लोखंडी पाइप घातले आणि सोपा व देवाची खोली लाकडातच ठेवली. माटोळीच्या तुळया उतरवल्याच नाहीत, त्यांच्या भोवतीने काम केले.

मंगळुरी कौलांबाबत एक व्यवहारातली गोष्ट. जुनी कौले घासून, ठोकून, खणखणीत वाजतात ती वेगळी काढली. कमी पडली तेवढी नवी आणली, तर ती जुन्यांत नीट बसेनात. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो, आणि खाच जुळली नाही की तिथून गळती. म्हणून जुनी कौले एकत्र करून पुढच्या पाख्यावर आणि नवी सगळी मागच्या पाख्यावर घातली. दुरुस्तीसाठी जुन्यांतली थोडी जोत्याखालच्या खोलीत रचून ठेवली आहेत, कारण ती आता विकत मिळणार नाहीत.

न्हाणीघर आत घेताना पुढच्या निजायच्या खोलीला लागून एक कोठीची खोली होती ती वापरली. या घराला खांब-तुळयांचा सांगाडा नाही, भिंतीच सगळे वजन घेतात. त्यामुळे नव्या दारासाठी भोक पाडताना आधी वरून टेकू दिले, मग काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, घातला, त्याला पक्के होऊ दिले आणि मगच खालचे चिरे काढले. पाइपांसाठी भिंतीत लांब आडवी खाच मारायला मेस्तांनी ठाम नकार दिला. पाइप भिंतीवरूनच नेले. दिसायला थोडे वाईट दिसतात. भिंत मजबूत आहे.

पहिला पावसाळा ही खरी परीक्षा होती. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. नव्या घराचे छप्पर ७० चौरस मीटरचे, म्हणजे वर्षाकाठी दोन लाख लिटरहून अधिक पाणी एकट्या त्या छपरावरून उतरणार. हे पाणी आधी जमिनीत विखरून मुरत होते, आता ते दोन पन्हाळींतून एकत्र येते. आम्ही ते पाइपाने दोन्ही भिंतींच्या खाली आणले, थोडे विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरायला सोडले आणि उरलेले कुळागराच्या जुन्या पाटाला जोडले. त्या पाटाचा उतार आमच्या आधीच्या कुणीतरी इतका नेमका काढला आहे की त्यात काहीच बदलावे लागले नाही.

आषाढात भिंतींची भोके वाहू लागली. खुंट्या ठोकल्या होत्या त्याच रेषेत सर्वांत जास्त पाणी येत होते, आणि ते स्वच्छ होते. एका भोकातून मात्र गढूळ, तांबडे पाणी येऊ लागले. स्वच्छ पाणी आले तर भिंत आपले काम करते आहे. गढूळ आले तर भिंतीमागची माती वाहून चालली आहे, आणि तिथे पोकळी होऊन वरची जमीन खचू शकते. इंजिनिअरला कळवले, तेवढ्या भागावर प्लॅस्टिक पसरून वरचे पाणी दूर वळवले आणि पाऊस ओसरल्यावर ती जागा उघडली. कापडाचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर यायला हवे होते तिथे फट राहिली होती. कंत्राटदाराने काही न बोलता ती दुरुस्त करून दिली. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसानंतर भोके बघून येण्याचे काम माझ्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे, आणि सासरे तिच्याकडून रीतसर अहवाल घेतात. त्या पावसाळ्यात मात्र ते रात्री मागचे दार उघडायला एकदाही उठले नाहीत.

जुन्या घराच्या मागच्या खोल्या त्या वर्षी श्रावणात पहिल्यांदा कोरड्या राहिल्या. एका कोपऱ्यात अजून ओल दिसते. भिंतीत मुरलेले पाणी एका उन्हाळ्यात निघत नाही, असे गवंड्यांनी सांगितलेच होते.

चवथीला तिन्ही घरची माणसे जमली. वरच्या घरात आठजण निजले, त्यामुळे सोप्यात चालायला जागा राहिली. काका वरचे घर बघून आले, भिंतींवरून हात फिरवला, चराच्या कडेने टोकापर्यंत गेले, आणि माटोळी बांधायला स्टूलवर चढले ते चौकटीचे चारी आकडे हलवून बघूनच खाली उतरले.

बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आणि पंचायतीचा वापर दाखला मिळाल्यावर नव्या घराला स्वतंत्र घर नंबर मिळाला आणि विजेची जोडणी त्या नावावर झाली. तोपर्यंत जुन्या घराच्या मीटरवरूनच दिवे होते. तिन्ही कुटुंबांनी एकत्र बसून आणखी एक कागद केला आहे: वरचे घर आमच्या खर्चाचे, खालचे घर सर्वांचे, आणि चर व भिंती यांची देखभाल सामाईक. चर दर मे महिन्यात साफ करायचा, कारण पालापाचोळ्याने तो तुंबला तर पाणी पुन्हा जुन्याच वाटेने मागच्या भिंतीवर येईल. मजुरीचा वाटा काकांनी पहिल्याच वर्षी, न मागता पाठवला.

आता जुन्या घराच्या पडवीचे छप्पर राहिले आहे. येत्या दिवाळीनंतर ते उतरवायचे. मेस्तांना आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि लाकूड सुकायला जोत्याखाली रचले आहे.